शांतता राखा



आधी एक कबुली देऊन टाकते. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. अर्जावर आणि पत्त्यावर मी तसंच लिहिते. चौंडीत जन्मलेल्या एका बाईचं नाव जिल्ह्याला मिळालं, याचा मला बाई म्हणून आनंदच आहे. पण पन्नास वर्षं तोंडात बसलेलं 'नगर' असं लगेच सुटत नाही. आज बोलताना दोन्ही नावं येतील, चालवून घ्या.

ही व्याख्यानमाला ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ चालते, त्यांची मी विद्यार्थिनी. ते आम्हाला नागरिकशास्त्र शिकवायचे. हा विषय इतर शाळांत कसा शिकवतात, तुम्हाला ठाऊक आहे. इतिहासाचं पुस्तक संपलं की परीक्षेच्या तोंडावर उरलेल्या चार तासांत उरकायचा. गुरुजी मात्र जूनमध्येच वर्गाची सभा भरवायचे. फळ्यावर विषयपत्रिका, एक अध्यक्ष, एक चिटणीस, इतिवृत्ताची वही. एकदा सहलीच्या वर्गणीचा हिशेब हा विषय निघाला आणि मागच्या बाकावरच्या एका मुलानं सरळ विचारलं, "गुरुजी, किती जमले आणि किती उडाले?" वर्ग चिडीचूप. आता छडी निघणार, असं प्रत्येकाला वाटलं. गुरुजींनी कोटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला, एकेक आकडा वाचला, आणि शेवटी सव्वा रुपया जुळेना तेव्हा म्हणाले, "हा माझ्या हातून गेला." खिशातून काढून टेबलावर ठेवला. चिटणीस मीच होते. इतिवृत्तात काय लिहायचं ते मला कळेना. गुरुजी म्हणाले, "जे झालं ते लिही."

आजचा विषय मला कार्यकर्त्यांनी दिला तो असा: तरुण कार्यकर्ता, आणि त्याचं शांतता, लोकशाही व लोकसहभागासाठीचं काम. तीन शब्द, तिन्ही वजनदार. मी त्यातला पहिलाच उचलते. हा शब्द तुम्ही रोज पाहता. दवाखान्यात, वाचनालयात, कोर्टाच्या व्हरांड्यात, निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत: 'शांतता राखा.' आपल्या भाषेत गप्प बसणं आणि सलोख्यानं राहणं या दोन्हींना हा एकच शब्द आहे. त्यामुळे एक मोठी सोय झाली आहे, आणि त्या सोयीनं आपला बराच घात केला आहे.

'राखा' हा त्यातला दुसरा शब्द. आपला मुलूख ज्वारीचा. माझं बालपण पारनेर तालुक्यात गेलं, तिथे हुरड्यावर आलेलं शेत राखायला आम्हा पोरांना धाडायचे. चार मेढी रोवून केलेला माळा, त्यावर उभं राहायचं, हातात गोफण, शेजारी रॉकेलचा रिकामा डबा. राखण करणं म्हणजे दिवसभर ओरडणं. घसा बसेपर्यंत हाळ्या द्यायच्या, डबा बडवायचा, गोफण फिरवायची. सावलीला डुलकी लागली की पाखरांचा थवा उतरलाच. संध्याकाळी आजोबा कणसं हातात घेऊन बघायचे. ती दाण्यांवाचून हलकी झालेली असायची. काही बोलायचे नाहीत, नुसते माझ्याकडे बघायचे. राखणदार गप्प बसला की पीक जातं, एवढं माझ्या डोक्यात तिथून पक्कं झालं.

आता एक प्रसंग सांगते. गावाचं नाव सांगणार नाही, कारण तिथल्या माणसांना तिथेच राहायचं आहे. २ ऑक्टोबरची ग्रामसभा. शाळेच्या पडवीत सतरंजी, समोर टेबल, टेबलावर गांधीजींचा फोटो, त्याला झेंडूचा हार. सभा सुरू होण्याआधीच सह्यांचं रजिस्टर फिरत होतं. काही सह्या तर आदल्या रात्री घरोघर जाऊन झाल्या होत्या. ग्रामसेवक पोथी वाचावी तसे एका सुरात वाचत होते, "विषय क्रमांक चार, सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर." चर्चा अजून व्हायची होती, मंजुरी लिहून झाली होती. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक मुलगी उठली. बावीस-तेवीस वर्षांची, नगरच्या कॉलेजात शिकलेली, वस्तीवर राहणारी. म्हणाली, "मागच्या सभेचं प्रोसिडिंग वाचून दाखवा." बस्स, एवढंच. कारण असं की, वस्तीवरच्या पाइपलाइनचं काम कागदोपत्री पूर्ण झालं होतं, बिल निघालं होतं, आणि नळाला पाणी नव्हतं.

पुढच्या खुर्चीवरून आवाज आला, "ए ताई, शांतता राखा. सभेची काही शिस्त असते."

तिला कुणी शिवी दिली नाही. कुणी ओरडलंही नाही. उलट सगळे जण फार समजूतदारपणे तिला खाली बसायला सांगत होते. तिचे चुलते स्वतः म्हणाले, "बाळ, गावात सगळं कसं शांत चाललंय, कशाला?" मी पाहुणी म्हणून गेले होते, महिला सभेचं प्रशिक्षण द्यायला. मीही काही बोलले नाही. ते मला अजून खटकतं.

त्या मुलीवर मी परत येईन. आधी आपल्याच गावातल्या एका घरात जाऊन येऊ.

नगरच्या हरी केशव पटवर्धन वकिलांचं घर. रावसाहेब आणि अच्युतराव हे दोन भाऊ इथले. अच्युतरावांचा जन्म ५ फेब्रुवारी १९०५ चा. शाळा इथेच, पुढचं शिक्षण बनारसच्या सेंट्रल हिंदू कॉलेजात, आणि मग तिथेच अर्थशास्त्राची प्राध्यापकी. १९३२ साली ती नोकरी सोडली आणि कायदेभंगात उतरले. नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अशोक मेहता, मिनू मसानी ही मंडळी भेटली, आणि तिथल्या चर्चांतून १९३४ चा काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. १९३६ मध्ये नेहरूंनी त्यांना काँग्रेसच्या कार्यकारिणीत घेतलं, तेव्हा वय एकतीस. आज तिशीतला मुलगा तालुक्याच्या कार्यकारिणीत आला तर चौकात त्याचा फ्लेक्स लागतो, फोटोत मोबाइल कानाला. अच्युतराव त्या वर्षाच्या आतच देशाच्या कार्यकारिणीतून बाहेर पडले.

मग १९४२ आलं. ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत धरपकड झाली आणि कार्यकारिणीचे पुढारी आगगाडीत घालून आणले कुठे, तर आपल्या भुईकोटात. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, पंत, कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव, असे बारा जण. गंमत बघा. ज्या गावचा पोरगा सरकारला हवा होता, त्याच गावच्या किल्ल्यात सरकारनं देशाचे पुढारी कोंडले, आणि तो पोरगा मात्र सापडत नव्हता. किल्ल्यात नेहरू माती खणून फुलझाडं लावत होते. मौलाना पहाटे उठून चिनी चहा करून पीत होते, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी त्यांचं भांडण आणि मग समेट चालला होता, आणि त्याबद्दल ते पत्रं लिहीत होते जी पाठवता येत नव्हती. १९४३ च्या एप्रिलात त्यांच्या पत्नी कलकत्त्याला वारल्या. मौलाना इथेच होते. किल्ला बघायला जाल तेव्हा नेहरूंच्या खोलीपाशी जरूर थांबा, १९४४ साली पाच महिन्यांत त्यांनी भारताच्या शोधाचं ते जाडजूड पुस्तक इथे लिहिलं. पण मौलानांच्या चिमण्याही आठवा. आपले मार्गदर्शक त्या सांगत नाहीत.

अच्युतराव भूमिगत होते ते १९४६ मध्ये वॉरंट रद्द होईपर्यंत. बक्षीस लावूनही पोलिसांच्या हाती लागले नाहीत. साताऱ्याच्या प्रतिसरकारशी त्यांचा संबंध होता. हे सगळं शाळेच्या पुस्तकात थोडंफार येतं. जे येत नाही ते सांगते. त्याच १९४२ साली अच्युतरावांनी अशोक मेहतांच्या जोडीनं भारतातल्या जातीय त्रिकोणावर एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलं. हिंदू आणि मुसलमान या दोन बाजू सगळ्यांना दिसत होत्या. त्रिकोणाची तिसरी बाजू सरकार, आणि भांडण तिच्यामुळे कसं तेवत राहतं, हे त्यांनी मांडलं. तारा तोडण्याच्या आणि गुप्त पत्रकांच्या वर्षात सदतीस वर्षांचा माणूस दंग्यांचा अभ्यास करत बसतो, हे मला फार मोठं वाटतं. आग लागल्यावर पाणी टाकणारे पुष्कळ असतात. काडी कुठून येते ते शोधायला बसणारा विरळा.

स्वातंत्र्य आल्यावर या दोघा भावांनी काय केलं? रावसाहेब सत्तेच्या खुर्चीपासून दूर राहिले. १९५० मध्ये साने गुरुजी गेले आणि 'साधना' साप्ताहिक पोरकं झालं, तेव्हा आचार्य जावडेकरांच्या बरोबरीनं रावसाहेबांनी ते सांभाळलं. दर आठवड्याला अंक काढणं हे कष्टाचं काम आहे. मीही शाळेचं भित्तिपत्रक चालवलं आहे, तेवढ्यातच जीव मेटाकुटीला येतो. अच्युतराव मात्र त्याच १९५० मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, राजकारणातून कायमचे बाहेर पडले. बनारसला जाऊन शिकवू लागले. जे. कृष्णमूर्तींच्या विचाराकडे त्यांचा ओढा आधीपासून होता. १९९२ मध्ये गेले, तोपर्यंत परत राजकारणात आले नाहीत.

याबद्दल आमच्या पिढीत पुष्कळ भक्तिभावानं बोललं जातं. सत्ता नाकारणारा माणूस म्हणून. मला तसं साधत नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी असा माणूस गप्प होतो तेव्हा त्याची शांतता त्याला मिळते, जिल्ह्याच्या वाट्याला काय येतं? रावसाहेबांची वाट मला जास्त जवळची वाटते. पद नको, पण दर आठवड्याला बोलायचं. हे माझं मत आहे. इथे बसलेल्या काही ज्येष्ठांना ते पटणार नाही, आणि त्यांनी ते नंतर उभं राहून सांगावं.

आता त्या गप्प बसण्याचं दुसरं टोक. हे बोलताना मला त्रास होतो, ऐकतानाही होईल.

जामखेड तालुक्यातलं खर्डा. एप्रिल २०१४. सतरा वर्षांच्या एका दलित मुलाचा खून झाला. खटला नगरच्या सत्र न्यायालयात चालला. साक्षीदार फितूर झाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. कर्जत तालुक्यातलं कोपर्डी. जुलै २०१६. शाळकरी मुलीवर अत्याचार आणि खून. हाही खटला नगरलाच, निकालही त्याच नोव्हेंबर २०१७ मध्ये, आणि तिघांना फाशीची शिक्षा. एकच शहर, एकच न्यायालय, एकच महिना. मी निकालांवर भाष्य करत नाही, तो माझा अधिकार नव्हे. मी कोर्टाच्या पायऱ्यांवरच्या साक्षीदाराबद्दल बोलते आहे. एका खटल्यात साक्षीदार आपल्या शब्दावर टिकले, दुसऱ्यात फिरले. साक्ष देणं हे नागरिकाचं काम आहे आणि ते एकट्यानं पिंजऱ्यात उभं राहून करायचं असतं. तो तिथे टिकतो, कारण गावी परतल्यावर त्याच्या ओट्यावर चार माणसं येऊन बसणार असतात. ती चार माणसं नसली की शब्द घशात अडकतो. खर्ड्याच्या खटल्यानंतर कुणी म्हणालं, आता गाव शांत झालं. मला त्या शांततेची भीती वाटली.

कोपर्डीनंतर मराठा समाजाचे मूक मोर्चे निघाले. पहिला औरंगाबादला, ९ ऑगस्ट २०१६, म्हणजे तारीखही ऑगस्ट क्रांतीची. लाखो माणसं, घोषणा नाही, भाषण नाही, निवेदन वाचायला पुढे मुली. मोर्च्याच्या मागण्यांवर माझे मतभेद होते, आजही आहेत. पण मोर्चा गेल्यावर रस्ता झाडत मागे राहिलेली कॉलेजची पोरं मी पाहिली. एवढ्या गर्दीला शिस्त लावणं म्हणजे खायचं काम नव्हे. तेव्हा माझ्या मनात एक प्रश्न आला, तो कुणाला विचारायचं धाडस झालं नाही, आज विचारते. एका गावच्या मुलीसाठी आपण इतकं मोठं मौन पाळू शकलो, तर दुसऱ्या गावच्या मुलासाठी चार साक्षी का उभ्या राहिल्या नाहीत?

पोलीस ठाण्यात एक शांतता समिती असते. गणपती आला, मोहरम आला की तिची बैठक होते. साहेब मधे, आजूबाजूला पांढऱ्या टोप्या, दोन-तीन मौलवी, व्यापारी असोसिएशनचे अध्यक्ष, चहा, बिस्किटं. आपल्या शहराचा मोहरम साऱ्या महाराष्ट्रात नावाजलेला. कोठल्याच्या सवाऱ्यांना नवस बोलणारी हिंदू घरं माझ्या ओळखीची आहेत. म्हणजे पूर्वपुण्याई भरपूर. तरी मे २०२३ मध्ये शेवगावात मिरवणुकीच्या वेळी दगडफेक झाली. हल्ली दंगल चावडीवर जन्मत नाही, ती मोबाइलच्या स्टेटसवर जन्मते, रात्री साडेअकराला. त्या वेळी समितीतले बहुतेक सदस्य झोपलेले असतात. आणि ज्यांच्या हातात ते मोबाइल असतात त्यांतलं एकही पोर त्या बैठकीला नसतं, मुलगी तर नसतेच. मी एका बैठकीत हे सुचवलं. साहेब म्हणाले, "मॅडम, पोरं आली की गोंधळ होतो." मी म्हटलं, "साहेब, गोंधळ इथे होऊ द्या ना, म्हणजे चौकात होणार नाही." हसले, चहा मागवला.

गोंधळाची ही धास्ती आपल्या लोकशाहीत खोलवर शिरली आहे. गावची निवडणूक बिनविरोध झाली की वर्तमानपत्रात कौतुक छापून येतं. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीच्या वेळी आपल्याच जिल्ह्यात एका आमदारांनी बिनविरोध गावाला २५ लाखांचा निधी जाहीर केला होता. त्याच वेळी नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात आणि नंदुरबारच्या खोंडामळीत सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं उघड झालं आणि राज्य निवडणूक आयोगानं तिथल्या निवडणुका रद्द केल्या. लिलावही बिनविरोधच असतो की. बोली लागते, हातोडा पडतो, बाकीचे गप्प. आणि विरोध झाला तरी तो कधी कधी जेवणावळीत बुडवतात. नगर तालुक्यातलं पांगरमल विसरू नका. फेब्रुवारी २०१७, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचा हंगाम, प्रचाराच्या जेवणातली विषारी दारू, आणि गावातली कर्ती माणसं गेली.

तुम्ही म्हणाल, बाई, हिवरे बाजारला काय म्हणाल? ते तर वर्षानुवर्षं बिनविरोध होतं. बरोबर आहे, हिवरे बाजारला टाळून पुढे जाता येत नाही. १९८९ च्या सुमारास तिथल्या तरुणांनी आपल्यातल्याच एम.कॉम. झालेल्या, क्रिकेट खेळणाऱ्या पोपटराव पवारांना सरपंच केलं, तेव्हा ते गाव दारूसाठी आणि मारामाऱ्यांसाठी प्रसिद्ध होतं. नगरपासून १७ किलोमीटर, पण तिथे बदली झाली की नोकरदार रडायचा. पुढचं तुम्हाला पाठ आहे: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान, समतल चर, आणि बोअरच्या पाण्यावर शेती करायची नाही हा निर्णय. गावात एकच मुसलमान कुटुंब, त्याच्यासाठी गावानं मशीद बांधली. २०२० मध्ये पोपटरावांना पद्मश्री मिळाली.

लोक चर बघायला जातात. मी पाण्याचा ताळेबंद बघायला गेले. पाऊस किती पडला ते गावात मोजतात, त्यावरून यंदा पाणी किती ते काढतात, माणसांना आणि जनावरांना किती, शेतीला किती उरतं, मग कुठलं पीक घ्यायचं, हे सगळं ग्रामसभेत ठरतं आणि भिंतीवर लिहिलं जातं. ऊस नको म्हटलं तर नको. आपल्या जिल्ह्यात, जिथे साखर कारखाना म्हणजे देव, तिथे हे म्हणायला छाती लागते. तिथली शांतता मला खरी वाटली, कारण तिच्यामागे भिंतीवरचा आकडा होता आणि तो आकडा शेंबडं पोरही वाचू शकत होतं. आणि तरीही, जानेवारी २०२१ मध्ये त्या गावात तीस वर्षांनी मतदान झालं तेव्हा काहींना वाईट वाटलं, गाव फुटलं म्हणाले. मला बरं वाटलं. पवारांच्या पॅनलनं सातही जागा जिंकल्या. पण कुणीतरी समोर उभं राहिलं, गावानं मोजून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी जो तो आपापल्या कामाला लागला. हरलेला माणूस त्याच गावात, त्याच पाणवठ्यावर राहतो. तिथली लोकशाही मुरली आहे, हे मला त्या निवडणुकीनं सांगितलं.

राळेगणसिद्धीबद्दल फार बोलत नाही, तुम्ही ऐकून ऐकून कंटाळला असाल. फक्त एक. माहितीच्या अधिकाराचा महाराष्ट्राचा कायदा देशाच्या कायद्याच्या आधी आला, तो त्या गावच्या अण्णा हजारेंनी मुंबईत आझाद मैदानावर धरलेल्या हट्टामुळे. देशाचा कायदा २००५ चा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, साधा कागद, तीस दिवसांत उत्तर. या दहा रुपयांची किंमत काहींनी फार मोठी दिली. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी १३ जानेवारी २०१० ला सकाळी घराजवळ मारले गेले. म्हणून तरुण मुलांना मी अर्ज लिहायला शिकवते तेव्हा पहिली अट घालते: एकट्यानं अर्ज टाकायचा नाही. सात-आठ जणांनी सात-आठ अर्ज टाकायचे, एकाच विषयाचे. मग कुणा एकाकडे बोट दाखवता येत नाही.

आता ती मुलगी.

त्या २ ऑक्टोबरला ती खाली बसली. निघून गेली नाही. वही काढली आणि सभा संपेपर्यंत लिहीत राहिली. कोण काय बोललं, किती वाजता, सभेला प्रत्यक्ष डोकी किती. डोकी निघाली चाळीस, रजिस्टरवर सह्या शंभराच्या वर. पुढच्या आठवड्यात तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी मिळून सहा अर्ज टाकले. पाइपलाइनचं मोजमाप पुस्तक हातात आलं तेव्हा कळलं की जेवढ्या मीटरचं बिल निघालं होतं तेवढी पाइप जमिनीत नव्हती. त्यांनी टेप आणून रस्त्यावर मोजलं. पोरं टेप धरून चालली आहेत आणि म्हाताऱ्या ओट्यावरून विचारत आहेत, "काय गं, प्लॉटिंग पडतंय का?"

मग मात्र गावात कुजबुज सुरू झाली, आणि तिला नको ते वळण लागायला लागलं. वस्ती विरुद्ध गाव. एका पोरानं स्टेटस ठेवलं, दुसऱ्यानं उत्तर दिलं. मला तिचा रात्री फोन आला. मला वाटलं घाबरली असेल. ती म्हणाली, "बाई, हे भांडण जातीचं केलं की पाइपचं कुणी विचारणार नाही." अच्युतराव पटवर्धनांचं नाव तिनं ऐकलेलं नव्हतं. तिसरी बाजू तिला दिसली होती. दुसऱ्या दिवशी ती आणि गावातली दोन पोरं मिळून ज्यानं स्टेटस ठेवलं होतं त्याच्या घरी गेली. त्याच्या आईनं चहा केला. मोजमापाचा कागद त्याच्यापुढे ठेवला. कळलं की त्याच्या आळीतली गटारही कागदावरच पूर्ण झाली होती. स्टेटस त्यानं स्वतःच काढलं.

आता २६ जानेवारी. झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभा. तिला एव्हाना कायदा पाठ झाला होता. गणपूर्तीला गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी ती लागते. तेवढी माणसं नसली तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी सभा ठरवून तहकूब करतात. पुढच्या वेळी आठ-दहा जणांत हवं ते मंजूर. त्यामुळे त्या दिवशी तिचं काम एकच होतं, माणसं मोजणं. लहान पोरांना जिलेबी वाटून झाली, माणसं पांगायला लागली आणि तिनं मोजायला सुरुवात केली. अठ्ठ्याहत्तर. पोरं घरोघर धावली. ज्यानं स्टेटस ठेवलं होतं तो मोटारसायकलवर मळ्यातून दोन-दोन माणसं आणत होता. त्र्याण्णव. सत्त्याण्णव. ग्रामसेवक घड्याळ बघत होते. तीन म्हाताऱ्या वस्तीवरून येताना दिसल्या, काठी टेकत, अगदी सावकाश. एक म्हणाली, "मला बोलाया येत नाही बाई, नुसती बसते."

सभा अकरा वाजून चाळीस मिनिटांनी सुरू झाली. पाइपलाइनचा विषय निघाला, दीड तास चालला. आवाज चढले. एकदा सरपंच उठून निघाले, त्यांना चुलत्यांनीच हात धरून बसवलं. ज्या म्हातारीला बोलता येत नव्हतं ती दहा मिनिटं बोलली. मोजणी पुन्हा करायची, आणि त्या वेळी वस्तीवरची दोन माणसं हजर ठेवायची, एवढं ठरलं. पाणी अजून आलेलं नाही.

संध्याकाळी तिचा फोन. आवाज चिडका. इतिवृत्ताची प्रत तिनं हट्टानं बघून घेतली होती. त्यात लिहिलं होतं, "विषय क्रमांक तीन, सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर." मोजणीचा उल्लेख नाही, म्हातारीचा नाही, कुणाचाच नाही. तिनं मला विचारलं, "आता हे दुरुस्त कसं करून घ्यायचं?"

मी म्हटलं, पुढच्या सभेत पहिला विषय मागचं इतिवृत्त कायम करणे हा असतो. ते वाचलं जाईल तेव्हा उठायचं आणि सांगायचं, जे झालं ते लिहा. आत्ताच एक लेखी पत्र देऊन ठेव, पोच घे.

पुढची सभा १ मे रोजी आहे. उन्हाचे दिवस, शंभर माणसं जमवणं कठीण जाईल. ती म्हणते, सकाळी आठची वेळ मागून घेऊ.